किती जन्मांमागे किती? जोखीम अशी मोजा

'वस्तीत दोन बाळं गेली' एवढ्यावरून धोका कळत नाही. किती जन्मांमागे गेली, हे आधी विचारावे.

आम्ही आपल्या गडचिरोलीचेच उदाहरण घेतो. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली: ऊब, आईचे दूध, जंतुदोषावर औषध. इतर 47 गावांत ही सोय नव्हती. आधी दोन्हीकडचे प्रमाण जवळपास सारखेच होते. तिसऱ्या वर्षाचा हिशेब 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दर 1000 जन्मांमागे, 28 दिवसांच्या आत, पूर्णांकात:

काळजी घेतलेली गावे: 26 दगावली, 974 जगली.
इतर गावे: 60 दगावली, 940 जगली.

दगावलेल्यांना एकूण जन्मांनी भागले की जोखीम मिळते: 2.6 टक्के आणि 6 टक्के. आता 2.6 ला 6 ने भागा. उत्तर 0.43. ही सापेक्ष जोखीम. उत्तर 1 आले तर फरक नाही. 1 पेक्षा कमी म्हणजे धोका घटला. इथे तो निम्म्याहून खाली आला, हजारामागे 34 मृत्यू कमी.

कुणी 'धोका निम्मा होतो' म्हटले तर मूळ धोका विचारा. 60 चे 30 झाले काय आणि 2 चा 1 झाला काय, दोन्ही निम्मेच!

आज हे काम आशाताई करतात. दवाखान्यात बाळंतपण झाले तर 42 दिवसांत त्यांच्या 6 भेटी, घरी झाले तर 7. त्या मोजा, राहिलेली भेट हक्काने मागा.