पट्टा, दांडी आणि पीळ

दीड इंच रुंदीचा काळा पट्टा, वेल्क्रो, प्लॅस्टिकची जाडसर दांडी, ती अडकवायला खाच आणि वेळ लिहायला पांढरी पट्टी. हातापायातून वाहणारं रक्त थांबवणारा टुर्निकेट म्हणजे एवढंच. जखमी माणसाला वाचवण्याच्या बाबतीत सैन्य आणि नागरी रुग्णालयं एकमेकांकडून काय शिकली यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अहवाल वाचता वाचता मी या पट्ट्यापाशीच अडकले.

उसाची मोळी आवळायला दोरीत काठी घालून पीळ देतात, तेच तत्त्व इथे आहे. बाहेरच्या पट्ट्याच्या आत दुसरी अरुंद फीत मोकळी सरकते. दांडी फिरवली की ती फीत ओढली जाते आणि दाब हाताच्या किंवा मांडीच्या भोवती सगळीकडून सारखा बसतो. पुण्यात ड्रायव्हर आणि सुरक्षारक्षकांना हे शिकवणारे लष्कराच्या मेडिकल कोअरमधले एक निवृत्त सुभेदार भेटले. "ताई, दांडीची घाई नको. आधी पट्टाच असा ओढा की खाली बोट जाता कामा नये," ते म्हणाले. पट्टा ढिला ठेवून नुसती दांडी फिरवत बसणं, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्यांनी एका तरुण ड्रायव्हरच्या दंडावर पट्टा बांधला, दोन-तीन पीळ दिले आणि मला मनगटाची नाडी बघायला सांगितली. ती लागत नव्हती. पोराच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. "दुखणारच. दुखतं म्हणून सैल केला तर माणूस हातचा जाईल."

कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या झाँ-लुई पेतीने 1718 मध्ये स्क्रूचा टुर्निकेट केला होता. पण पहिल्या महायुद्धात जखमी तासन् तास खंदकांत पडून राहिले, बांधलेले हातपाय कापावे लागले आणि हे साधन बदनाम झालं. ती बदनामी पुसली ती नोंदींनी. 2001 ते 2011 या काळात युद्धभूमीवर मेलेल्या 4,596 अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतले सुमारे 87 टक्के रुग्णालयात पोचण्याआधीच गेले होते. त्यांच्यापैकी जवळपास चौथा हिस्सा कदाचित वाचू शकला असता, आणि अशा दहातल्या नऊ जणांचा जीव रक्तस्रावाने घेतला होता. बगदादच्या लष्करी रुग्णालयात सर्जन जॉन क्रॅग यांनी 2006 मध्ये पट्टा बांधलेल्या प्रत्येक जखमीची नोंद ठेवली. शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा बसला तर 90 टक्के जगले, नंतर बसला तर 10 टक्के. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला.

2013 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा हे ज्ञान शहरात पोचलंच नव्हतं. नंतरच्या अभ्यासात दिसलं, की घटनास्थळी बांधलेले सगळे टुर्निकेट हाताला लागेल त्यातून केलेले होते. 2015 मध्ये अमेरिकेत 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम सुरू झाली आणि हा पट्टा शिक्षक, पोलीस, शाळकरी मुलं यांच्या हाती आला.

उलट दिशेची, म्हणजे शहराकडून सैन्याकडची देवाणघेवाणही तितकीच गरजेची आहे. युद्ध थांबलं की लष्करी सर्जनच्या हाताची सवय मोडते. ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर ॲलस्डेर वॉकर यांच्या नावाने ही घसरण ओळखली जाते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचं लष्करी रुग्णालय म्हणूनच शहरातले अपघातग्रस्तही दाखल करून घेतं. 2018 पासून त्या भागातल्या हेलिकॉप्टरांत रणांगणातल्यासारखं घटक वेगळे न केलेलं संपूर्ण रक्तही ठेवलं जातं. सैनिक आणि शहर दोघांचाही त्यात फायदा.

मला काळजी वाटते ती पट्ट्याच्या मागे रुग्णालय नसेल तर काय होणार याची. पट्टा दोन तासांच्या आत काढता आला तर अवयव सहसा वाचतो. युक्रेनमध्ये ड्रोनच्या धाकामुळे जखमींना हलवायला कितीतरी तास जातात, आणि शंभर वर्षांपूर्वीचं ते खंदकातलं दुखणं पुन्हा उभं राहिलं आहे. म्हणून तिथे पट्टा बांधण्याइतकंच, तो कधी उतरवून दाबपट्टी बांधायची हेही शिकवावं लागतं. शिवाय बाजारात नकली पट्ट्यांचा सुळसुळाट आहे. दिसायला हुबेहूब, पण पीळ देताना दांडी मोडते. सुभेदारांनी तसा एक जपून ठेवला आहे. प्रत्येक वर्गात ते तो हातात देतात आणि ओळखायला लावतात.

आपल्याकडे 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, म्हणून 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं आणि 2019 मध्ये ते मोटार वाहन कायद्यात आलं. तरी रस्त्यावरचा माणूस अजून कचरतो, आणि हात पुढे केला तरी नेमकं काय करायचं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. पुण्यात एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून हे सरकारी रुग्णालय एकाच शहरात आहेत. लष्करी आणि नागरी सर्जननी एकाच ट्रॉमा वॉर्डात खांद्याला खांदा लावून उभं राहायला याहून सोयीची जागा कुठली? सुभेदारांचं मागणं त्याहून लहान आहे. प्रत्येक एसटीत आणि ट्रकमध्ये एक अस्सल पट्टा असावा आणि चालकाने तो दर सहा महिन्यांनी कुणाच्या तरी दंडावर बांधून दाखवावा.