पिकअपचे मागचे ब्रेक आणि बेअरिंग
जुन्या पिकअपच्या मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. परभणी जिल्ह्यात मानवत, सेलूच्या बाजारात कापूस-सोयाबीन वाहणाऱ्या अशा गाड्यांत ब्रेक आणि एक्सलचे बेअरिंग यांचा बिघाड पुष्कळदा एकत्रच सापडतो. बेअरिंग झिजले की एक्सल डगमगतो, ऑइल सील खराब होते, डिफरन्शिअलमधले गिअर ऑइल लायनरवर उतरते. मग ब्रेक नीट लागत नाही किंवा गाडी एका बाजूला ओढते. वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली खूण. चाक जॅकवर उचलून हलवले की प्ले हाताला जाणवतो.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणे धोक्याचेच. दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदलावेत, सोबत नवे बेअरिंग आणि सील घालावे. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. व्हील सिलिंडर गळत असल्यास तोही बदलून ब्रेकमधली हवा काढावी.