ऑनलाइन लिलावात माल विकताना

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात तेव्हा व्यापारी आधी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून रंग पाहतो आणि मगच बोली लावतो. विकणारा ओळखीचा नसला तरी अडत नाही, कारण माल डोळ्यांसमोर असतो. ऑनलाइन लिलावात मात्र ग्राहक हजारो मैल दूर बसलेला असतो. त्याला माल हातात घेता येत नाही. म्हणून विकणाऱ्याने काय लिहिले, काय दाखवले आणि आधीच्या ग्राहकांशी तो कसा वागला, एवढ्यावरूनच तो बोली लावतो. या धंद्यात यशस्वी व्हायचे तर ही एक गोष्ट आधी समजून घ्यावी.

अशा साइटमध्ये सर्वांत मोठे नाव ईबेचे. पिअर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. भारतात २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट चालू झाली, २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली. तथापि येथून परदेशी ग्राहकांना माल विकण्याची वाट खुली आहे. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा हस्तकलेच्या मालाला परदेशी ग्राहक मिळवून देणारी ही वाट आहे. म्हणून या लेखात सतारीचेच उदाहरण घेऊ.

लिलाव की ठरलेली किंमत?

आज ईबेवरील बहुतेक विक्री ठरलेल्या किमतीने होते. नेहमी तयार होणारा, एकसारखा माल त्याच पद्धतीने विकावा. लिलाव शोभतो तो एकाच नगाला, म्हणजे जुन्या किंवा खास घडवलेल्या वस्तूला, जिची योग्य किंमत विकणाऱ्यालाही नेमकी सांगता येत नाही.

बोली कशी चढते तेही जाणून घ्यावे. ग्राहक आपली कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवतो आणि साइट त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली वाढवते. समजा, एकाची कमाल रक्कम ६० डॉलर आणि दुसऱ्याची ४८ डॉलर आहे, तर वस्तू पहिल्याला ४९ डॉलरच्या आसपास मिळते, ६० ला नव्हे. म्हणजे भाव ठरतो तो दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकावर. एकच ग्राहक आला तर सुरुवातीच्या किमतीतच माल द्यावा लागतो. म्हणून ज्या वस्तूला हमखास चार गिऱ्हाइके असतात तिचीच सुरुवात कमी किमतीने करावी. जिला क्वचित एखादा घेणारा असतो तिची सुरुवातीची किंमत आपला खर्च भरून निघेल इतकी ठेवावी.

लिलाव संपण्याची वेळही आधी ठरवावी, कारण शेवटच्या काही मिनिटांत बऱ्याच बोली लागतात. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रविवारी रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारी पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सात दिवसांचा लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी संपतो. तेव्हा ग्राहक घरी निवांत असेल अशी वेळ साधावी.

वर्णन आणि दोष

मालाच्या नावासाठी ८० अक्षरांची जागा असते. ती ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ अशा शब्दांत दवडू नये, कारण ते शब्द कोणी शोधत नाही. सतार, मिरज, तून लाकूड, तारांची संख्या, नवी की जुनी, हे शब्द ग्राहक शोधतो. फोटो दिवसाच्या उजेडात घ्यावेत आणि भोपळा, दांडी, खुंट्या, घोडी यांचे जवळून वेगवेगळे द्यावेत.

भोपळ्याला बारीक तडा असेल तर त्याचाही फोटो द्यावा. बोली थोडी कमी येईल, परंतु पुढचे नुकसान टळेल. वर्णनाप्रमाणे माल नसल्यास ग्राहकाला तो परत करता येतो आणि परतीचा वाहतूक खर्च विकणाऱ्यावर पडतो. अमेरिकेहून एक सतार परत आणण्याचा खर्च कारागिराची महिन्याची मिळकत गिळू शकतो.

नावलौकिकाची किंमत

ग्राहकांचे अभिप्राय नोंदवण्याची पद्धत ईबेवर १९९६ पासून आहे. त्यांची किंमत किती, हे अमेरिकेतील अभ्यासकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दाखवले. जुनी पोस्टकार्डे विकणाऱ्या एका नावाजलेल्या विक्रेत्याने सारखाच माल काही वेळा आपल्या नावाने आणि काही वेळा नव्या, अनोळखी नावांनी विकला. त्याच्या स्वतःच्या नावावर ग्राहकांनी सुमारे ८ टक्के जास्त किंमत दिली.

म्हणून नव्या माणसाने एकदम महागडी सतार लिलावात ठेवू नये. आधी मिजराब, तारा, खुंट्या असा लहान माल विकावा, प्रश्नांना त्याच दिवशी उत्तर द्यावे, माल वेळेवर पाठवावा आणि नाव कमवावे.

स्वतःच्याच मालावर दुसऱ्या नावाने किंवा नातेवाइकांकडून बोली लावून भाव चढवण्याचा मोह काहींना होतो. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील एका वकिलाने २५ सेंटपासून लिलावात ठेवलेले चित्र १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेले. त्याने स्वतःच त्यावर बोली लावल्याचे उघड झाले, विक्री रद्द झाली आणि पुढे त्याला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. इस्लामी व्यापारनियमांत या लबाडीला ‘नजश’ म्हणतात आणि ती नाजायज आहे. आज अशा विक्रेत्याचे खाते बंद होते आणि वर्षांची कमाई असलेले अभिप्रायही त्याबरोबर जातात.

वाहतूक आणि कायदा

कुरिअर कंपन्या वजनाइतकाच आकारही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. समजा, सतारीचे खोके १३५ × ४५ × ४० चे आहे, तर सतार चार किलोची असली तरी आकार सुमारे ४९ किलोचा लागेल. हा हिशेब लिलाव सुरू करण्यापूर्वी करावा आणि वाहतूक खर्च नोंदीत स्पष्ट लिहावा. साइटचे कमिशनही त्यात धरावे.

निर्यातीसाठी आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, काढून घ्यावा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरील जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली, तेव्हा लहान पार्सलवरही जकात पडते. ती कोण भरणार हे ग्राहकाला आधीच सांगावे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, भांडी किंवा कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाहीत. जुन्या वाद्यांत सांबराच्या शिंगाची घोडी आढळते. वन्यजीव कायद्यामुळे अशा शिंगाच्या निर्यातीला बंदी आहे, म्हणून जुने वाद्य नोंदवण्यापूर्वी घोडी तपासावी.

आपल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, पण मधल्या दलालांमुळे त्याची पुरती किंमत त्यांच्या पदरात पडत नाही. ऑनलाइन लिलावात दलाल नसतो, तसा ओळख करून देणाराही कोणी नसतो. ती ओळख आपल्या व्यवहारातून आपणच करून द्यावी लागते. सुरुवात दहा लहान वस्तूंनी करावी, प्रत्येकीचा खर्च, मिळालेली किंमत आणि ग्राहकाचा अभिप्राय वहीत मांडावा, आणि त्या वहीवरून पुढचा माल ठरवावा.