प्लेटलेट्स कमी, पण कारण सापडत नाही : अशा मुलांचं पुढे काय होतं?



रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ३०,००० दिसल्या आणि डॉक्टर म्हणाले, "नेमकं कारण सांगता येत नाही," की आईवडिलांच्या मनात दोनच शब्द येतात : डेंग्यू आणि कॅन्सर. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली, की दुसरा शब्द आणखी मोठा होतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

विज्ञानाच्या तासाला आपण ज्यांना रक्तपट्टिका म्हणतो, त्याच प्लेटलेट्स. जखमेतून वाहणारं रक्त थांबवायला त्याच आधी धावतात. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. एरवी ठणठणीत असलेल्या मुलाच्या फक्त प्लेटलेट्सच १ लाखाच्या खाली गेल्या आणि दुसरं कारण मिळालं नाही, तर बहुतेक वेळा तो आयटीपी असतो. यातला 'आय' पूर्वी 'इडिओपॅथिक'चा होता, म्हणजे कारण अज्ञात. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तो 'इम्यून'चा केला. कारण इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच आपल्या प्लेटलेट्सना परकं समजते आणि मग प्लीहेत त्या नष्ट होतात. साध्या सर्दी-तापानंतर काही आठवड्यांनी हे सुरू झालेलं बऱ्याचदा दिसतं. पण घरात सगळ्यांनाच सर्दी झालेली असताना याच मुलाला का, याचं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं.

आता पुढचं. ५ पैकी साधारण ४ मुलं वर्षभरात बरी होतात, त्यातली पुष्कळशी औषधाशिवाय. म्हणूनच रक्तस्राव फारसा नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. पालकांना वाटतं, काहीच करत नाहीत! १२ महिन्यांनंतरही आकडा कमीच राहिला तर आजार जुनाट म्हणतात. दहा वर्षांपुढच्या मुलांत तो लांबण्याची शक्यता जास्त. तरी त्यातलीही काही मुलं नंतर बरी होतात. आणि आयटीपीचा कॅन्सर होत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगायला हवं. मेंदूत रक्तस्राव १०० मुलांत एकालाही होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो.

मात्र हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही कमी असतील, ताप हटत नसेल, हाडं दुखत असतील, गाठी आल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अस्थिमज्जा तपासावी लागते. त्या तपासणीला घाबरून दिवस घालवू नका.

शाळेत काय? अंगावरचे काळेनिळे डाग पाहून "घरी मारतात का रे?" असं सगळ्या वर्गासमोर विचारू नका, पालकांशी बोला. टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तरी कळवा. प्लेटलेट्स फार कमी असताना कबड्डी, खो-खो बंद, पण मुलाला गुणलेखक करा, बुद्धिबळ खेळू द्या. नुसतं बाकावर बसवून ठेवलं की ते आजारापेक्षा जास्त कोमेजतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका. पपईच्या पानांचा रस सुचवणारे भेटतीलच, आधी डॉक्टरांना विचारा.

घोळणा फुटला तर मुलाला बसवा, मान थोडी पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत दाबून धरा. थांबलं नाही तर दवाखाना. आणि डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी शाळा सुटण्याची वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या, पालकांना फोन वाटेतून करा.