हलका लॅपटॉप निवडताना तारेच्या जोडणीचा विसर नको

खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून ग्राहक हलक्या लॅपटॉपला पसंती देतात. मात्र तो घेऊन कार्यालयात किंवा परगावच्या विश्रामगृहात बसल्यावर भिंतीवरून आलेली नेटवर्कची केबल जोडण्यासाठी त्यात जागाच नसल्याचे अनेकांच्या लक्षात येते. जाहिरातीत वजन, जाडी आणि प्रोसेसर यांचा ठळक उल्लेख असतो. जी सुविधा वगळली आहे, तिच्याबद्दल मात्र तेथे काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारणे हिताचे ठरते.

केबलद्वारे होणाऱ्या या जोडणीला इथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून तिची उभारणी केली. दूरध्वनीच्या पिनेसारखी, पण तिच्याहून रुंद आणि आठ तारांची जी पिन आज सर्वत्र वापरली जाते, ती आरजे-४५ या नावाने ओळखली जाते.

जाडी घटली, पोर्ट गेले

लॅपटॉप सडपातळ करण्याच्या स्पर्धेत या पोर्टला जागा सोडावी लागली, कारण आरजे-४५ पिनेला आणि तिच्या खटक्याला पुरेशी उंची लागते. जानेवारी २००८ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. सुमारे १.३६ किलो वजनाच्या या संगणकात इथरनेट पोर्ट नव्हते. ज्यांना ते हवे होते त्यांच्यासाठी २९ डॉलरचा स्वतंत्र ॲडॅप्टर होता. पुढे इतर कंपन्यांनीही हाच मार्ग धरला.

वायफाय असताना केबल कशासाठी?

वायफायमध्ये एकाच वाहिनीवरील सर्व उपकरणांना आळीपाळीने बोलावे लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या प्रामुख्याने तीनच आहेत. दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांचे अनेक राउटर याच वाहिन्या वापरत असल्याने जोडणी मंदावते वा अडखळते. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक असते, पण त्या लहरी भिंतींमुळे लवकर क्षीण होतात. केबलला मात्र शेजाऱ्यांच्या राउटरचा उपद्रव होत नाही.

घरापर्यंत प्रकाशतंतू आला म्हणजे हा प्रश्न सुटला, असेही नाही. प्रकाशतंतू थेट लॅपटॉपला जोडला जात नाही. तो भिंतीवरील एका पेटीत संपतो. तेथून पुढचे काही मीटर अंतर वायफायने किंवा इथरनेट केबलने कापावे लागते. वेगवान सेवेचे पैसे मोजूनही अनुभव मंद राहतो, त्याचे कारण अनेकदा याच अखेरच्या टप्प्यात असते. ऑनलाइन परीक्षा, दूरदृश्य प्रणालीवरील सुनावणी किंवा नोकरीची मुलाखत अशा प्रसंगी क्षणभराचा खंडही महागात पडू शकतो. शिवाय काही कार्यालयांत सुरक्षेच्या कारणास्तव वायफायला परवानगीच नसते.

तीन पर्याय

पहिला पर्याय पूर्ण आकाराच्या पोर्टचा. थिंकपॅड टी १४ सारख्या व्यावसायिक वापराच्या काही मालिकांत ते कायम राहिले आहे. अशा लॅपटॉपचे वजन साधारण दीड किलोच्या आसपास असते.

दुसरा पर्याय घडीच्या पोर्टचा. यात पोर्टचा खालचा जबडा उघडतो आणि पिन बसल्यावर तिला धरून ठेवतो. पॅनासोनिकची लेट्स नोट, फुजित्सूची लाइफबुक आणि वायो या जपानी नाममुद्रांनी सुमारे एक किलो वा त्याहून कमी वजनाच्या काही लॅपटॉपमध्ये इथरनेट पोर्ट सामावून दाखवले आहे. अर्थात यांपैकी काही मालिका मुख्यतः जपानी बाजारासाठीच आहेत. घडीच्या पोर्टची बिजागरी नाजूक असल्याने केबलला हिसका बसणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

तिसरा पर्याय यूएसबी ॲडॅप्टरचा. तो स्वस्त असून त्याचे वजनही नगण्य असते. मात्र त्याची निवड चोखंदळपणे करावी. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने त्यावर चालणारा ॲडॅप्टर एक गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचा वेग देऊच शकत नाही. त्यासाठी यूएसबी ३.० चा ॲडॅप्टर घ्यावा आणि तो त्याच क्षमतेच्या पोर्टमध्ये जोडावा. लॅपटॉपमध्ये दोनच टाइप-सी पोर्ट असतील आणि त्यांतील एक चार्जरने अडले असेल, तर ॲडॅप्टर लावल्यावर पेनड्राइव्हसाठी जागा उरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कार्यालयीन वापरासाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. प्रत्येक नेटवर्क उपकरणाला मॅक ॲड्रेस नावाचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि अनेक संस्था केवळ नोंदणीकृत क्रमांकांनाच प्रवेश देतात. बाह्य ॲडॅप्टर वापरल्यास सामान्यतः लॅपटॉपचा नव्हे, तर ॲडॅप्टरचा क्रमांक नोंदला जातो. तो हरवला तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि सहकाऱ्याचा उसना ॲडॅप्टर लावल्यास त्याचीच ओळख पुढे जाते. काही व्यावसायिक लॅपटॉप ठरावीक ॲडॅप्टरच्या बाबतीत स्वतःचा क्रमांक पुढे करू शकतात. ही सोय आहे का, ते आधी विचारून घ्यावे.

दुकानात काय तपासावे?

शक्य झाल्यास दुकानातच केबल जोडून पाहावी आणि नेटवर्कच्या माहितीत दिसणारा जोडणीचा वेग वाचावा. गिगाबिट उपकरणावर तो १०० मेगाबिट दिसत असेल, तर दोष लॅपटॉपचाच असेल असे नाही. १०० मेगाबिटसाठी केबलमधील चार तारा पुरतात, तर गिगाबिटसाठी आठही लागतात. एक तार तुटली तरी वेग दशांशावर येऊ शकतो. त्यामुळे कॅट ५ई किंवा कॅट ६ दर्जाची दुसरी केबल लावून पुन्हा पडताळणी करावी.

थोडक्यात, रोज केबल जोडावी लागणाऱ्यांनी शे-दोनशे ग्रॅम अधिक वजन पत्करून अंगभूत पोर्ट असलेला लॅपटॉप घ्यावा. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी गरज भासणाऱ्यांना चांगला ॲडॅप्टर पुरेसा आहे. मात्र त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरावी आणि त्याची जागा बॅगेत कायम ठेवावी. घरी राहिलेला ॲडॅप्टर ऐन मुलाखतीच्या वेळी उपयोगी पडत नाही.