प्रवाहातला मासा, वरवंडच्या उन्हात

लोच मासा टाकीच्या काचेला चिकटला की समोरून त्याचं पोट न्याहाळावं. दोन्ही बाजूंचे रुंद पर पसरून तो धार अंगावर घेतो आणि खालच्या बाजूचं इवलं तोंड शेवाळ खरवडत पुढे सरकतं. दुकानात मिळतो तो जाळीदार नक्षीचा सेवेलिया व्हिएतनामचा. पण असे प्रवाहातले लोच आपल्या सह्याद्रीतही आहेत. सातारा भागातल्या कृष्णेतून ‘बालिटोरा लॅटिकॉडा’ ही जात २०१२ साली नव्याने नोंदवली गेली. ओढ्यातले मासे मात्र तिथेच राहू द्यावेत.

आमच्या वरवंड गावाला खरी अडचण उन्हाळ्याची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. लोचला २० ते २४ अंश मानवतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकी भिंतीच्या सावलीत असते, झाकण काढून वर जाळी टाकलेली, पृष्ठभागावर पंख्याचा वारा आणि आत जोरदार पंप. पंपाच्या तोंडाला स्पंज हवाच, नाहीतर पिल्लं ओढली जातात.

खाण्याचं म्हणाल, तर फक्त शेवाळाच्या गोळ्यांवर भागवू नये. मी गुळगुळीत गोटे पाण्याच्या टबात उन्हात ठेवते. हिरवट बुळबुळीत थर धरला की टाकीतल्या गोट्यांशी अदलाबदल. त्या थरात बारीक जीवही असतात, ते लोचला हवेच असतात. जोडीला कधी गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्या, कधी उकडलेल्या काकडीची चकती. उरलेलं सकाळी काढायचं. आणि टाकी नवीकोरी असेल तर गोट्यांवर थर धरेपर्यंत मासा आणूच नये.