जनपदोद्ध्वंस : इशारा, उपेक्षा आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी विहार करीत असता भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात, की ऋतूंत विकृतीची चिन्हे दिसत आहेत. भूमी औषधींना योग्य रस-वीर्य देईनाशी होण्यापूर्वीच त्यांचा संग्रह करावा. रोग उद्भवण्याआधी दिलेला हा इशारा होय. वायू, उदक, देश आणि काल ही चार कारणे तेथे सांगितली असून ती उत्तरोत्तर अधिक दुष्परिहार्य मानली आहेत. दूषित पाणी टाळता येते. बिघडलेला काल मात्र कोणासही टाळता येत नाही.

आधुनिक विज्ञानाचा इशाराही जुना आहे. कोळशाच्या ज्वलनातून वाढणारा कर्बवायू पृथ्वी तापवील, असे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडले. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय समितीचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला, तेव्हा हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३५५ होते. आज ते ४२० च्या वर आहे. २०२४ हे नोंदींतील सर्वाधिक उष्ण वर्ष ठरले. सुश्रुताचार्यांच्या भाषेत सांगावयाचे, तर संचयावस्थेत चिकित्सा टाळली आणि आता व्याधी व्यक्तावस्थेत आहे. एकदा हवेत गेलेल्या कर्बवायूचा मोठा भाग शतकानुशतके टिकतो. म्हणून आजच्या उपेक्षेचा उपद्रव नातवंडांनाही भोगावा लागेल.

परिणाम आपल्या दाराशी आहेत. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १३०० मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. नरडाण्यासारख्या गावी शेतमजूर, औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील वाहनचालक यांना भर दुपारीही काम चुकत नाही. त्यांचा वैद्य आपणच आहोत.

यास्तव काही सूचना मांडाव्याशा वाटतात. पहिली, ऋतुचर्या व शोधन केवळ पंचांगावरून न ठरविता प्रत्यक्ष ऋतुलक्षणे व रुग्णबल पाहून ठरवावे. आश्विनातही पाऊस कोसळत असेल, तर विरेचनाची घाई नसावी. दुसरी, उन्हात काम केलेल्या रुग्णास तीव्र ताप, भ्रम किंवा बेशुद्धी असेल, तर तो आत्ययिक रुग्ण होय. त्याचे अंग पाण्याने व वाऱ्याने तत्काळ थंड करीत रुग्णालयात पाठवावे. बेशुद्धास तोंडावाटे काहीही देऊ नये. तिसरी सूचना औषधनिर्मात्यांसाठी. अवकाळी पावसात भिजलेल्या वनस्पतींवर बुरशी धरते आणि काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिनसारखे विष निर्माण होते. असा माल पुन्हा वाळवून वापरू नये, आणि तयार औषधे तापलेल्या पत्र्याखाली साठवू नयेत.

निराशेचे मात्र कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातील बारीपाड्याच्या ग्रामस्थांनी १९९० च्या दशकापासून उजाड डोंगरावर पुन्हा जंगल उभे केले. त्या कार्यासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून, बंधारे बांधून पाणी जिरविण्यात आले. जागतिक तापमान याने उतरणार नाही, हे खरे. परंतु उदक आणि देश सुधारले, तर कालाचा आघात सोसण्याचे बल जनपदास लाभते.

आत्रेयांनी विकृतीचे मूळ अधर्मात आणि त्याचेही मूळ प्रज्ञापराधात दाखविले आहे. कळत असून अहित आचरणे म्हणजेच प्रज्ञापराध. रुग्णाला निदानपरिवर्जन सांगणाऱ्या वैद्यवर्गाने ते समाजालाही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.